इथल्या टोकाचा माग

१० फेब्रुवारी, सोमवार

आजही नाही!

दवाखान्यातल्या नर्स बुरुलनं यंत्राचं तोंड माझ्याकडे वळवून दाखवलं. माझ्या म्हाताऱ्याच्या नावापुढे तेच — "उत्तर वाटेवर आहे." वाटेवर! बिश्केकहून मेंढ्या हाकत निघालं असतं कुणी, तरी एव्हाना पोचलं असतं.

आमच्या मागून रक्त दिलेल्यांची उत्तरं आली. सापारच्या बायकोचं आलं, तिच्या रक्तात म्हणे लोखंड कमी आहे. जिभेत भरपूर आहे, ते मोजलं नसेल कुणी.

म्हातारा जानेवारीपासून वाळतोय. दुपार कलली की हुडहुडी, मग घाम, सदरा पिळून घ्यावा इतका. पट्ट्याला नवं भोक पाडलं. आणि रक्त द्यायची नाटकं काय! बेलगाम घोडे आडवे पाडणारा माणूस, सुई बघून दाराकडे निघाला. शेवटी मीच बाही वर केली — बघ, माशी बसते तेवढंच. मग बसला. बुरुल म्हणाली, "आपा, तुमचं काढलंच आहे तर तेही पाठवते. फेकू कशाला?" पाठव म्हटलं.

नारिनचा मोठा डॉक्टर म्हणतो, उत्तर हातात आल्याशिवाय एक गोळी देणार नाही. भलती गोळी दिली तर यकृत जाईल. म्हणजे उत्तर नाही तर औषध नाही. आणि उत्तर वाटेवर!

१२ फेब्रुवारी, बुधवार

जिपाराला फोन लावला. थोरल्याची पोर, पण वाढवली मी. रीतच आहे, पहिलं नातवंड आजीचं. आता बिश्केकमध्ये यंत्रांची कामं करते, आणि सगळ्या गावांच्या दवाखान्यांतला हा प्रोग्राम तिच्याच कचेरीतून आलाय. म्हणजे धरायला माणूस घरचाच!

म्हटलं, "तुझं यंत्र तुझ्या आजोबांना मारतंय."

"आजी, ओरडू नको. मी सर्व्हर बघितला. इथलं मोठं यंत्र, सगळ्यांना देणारं. इथून उत्तर गेलंय. पोचल्याची खूणसुद्धा आहे."

"मग खाल्लं कुणी?"

"तेच इथून दिसत नाही. तुमच्याकडचा प्रोग्राम मागणारा. क्लायंट म्हणतात त्याला. हातात घेतल्यावर त्यानं काय केलं ते त्यालाच ठाऊक."

"मग पाकीट उघड आणि वाच. तुझ्याकडंच आहे ना तिकडं?"

"बंद पाकीट असतं, आजी. आम्हाला उघडता येत नाही. प्रयोगशाळा म्हणते दवाखान्यात विचारा. परत रक्त दिलंत तर परत तेवढेच आठवडे, आणि परत इथंच अडकेल. त्यापेक्षा तुमच्याकडच्या प्रोग्रामचा माग चालू करू. जावा नावाच्या यंत्रभाषेत लिहिलेला आहे तो. एक ओळ बदलली की प्रत्येक पाऊल फाईलमध्ये लिहीत जातो — काय मागितलं, काय मिळालं, पुढं काय केलं."

"मग बंद का ठेवता?"

"सगळं लिहीत बसला की हळू होतो. फाईलही फुगते."

तिला इथल्या यंत्रात दुरून शिरता येत नाही, आमचं इंटरनेट फार बारीक. कुणाचे तरी हात हवेत. बुरुल घाबरट. दवाखान्यातला अर्धा डॉक्टर, पदवी नसलेला पण औषध देणारा, शरदातच रशियाला गेला, विटा रचायला. इथं सुया टोचण्यापेक्षा तिथं विटांना जास्त मिळतं. उरले कोण? मी. रोज सकाळी दवाखान्याची शेगडी पेटवते, किल्ली माझ्याकडेच.

माग मला नवा नाही. चौथीतून काढून मेंढ्यांमागं पाठवलं होतं मला. मेंढी हरवली की माग आपल्या कोंडवाड्यापासून काढायचा. चोराच्या घरापासून सुरू केलं तर दुसऱ्याच कुणाच्या मेंढीमागं जाल. पोरीला हे सांगितलं. म्हणाली, "अगदी तेच, आजी. इथल्या टोकापासून नाही. तिथल्या टोकापासून."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शेगडी पेटवली, राख काढली, आणि बसले यंत्रापुढं. फोन कानाला. बुरुल दाराशी उभी, हात छातीवर.

"आपा, यंत्राला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे."

"हुकूम देणारा येतो का शेगडी पेटवायला?"

"काही झालं तर माझी नोकरी जाईल!"

"काही नाही झालं तर माझा म्हातारा जाईल. बाजूला हो."

जिपारानं फोनवरून एकेक सांगितलं. अमुक कप्पा उघड. त्यातली अमुक फाईल. त्यात एक ओळ, माग बंद. तिथं चालू लिही. एका बोटानं लिहिलं. ती अक्षरं शोधत फिरण्यापेक्षा बर्फात कोकरू शोधणं सोपं. जतन कर म्हणाली, जतन केलं. मग ती खिडकी बंद कर, प्रोग्राम परत उघड. उघडला.

बुरुल म्हणाली, "झालं? स्फोट नाही झाला?"

"तुझ्या नशिबी नाही तेवढी मजा."

म्हाताऱ्यानं रात्री रस्सा तसाच ठेवला. मटण मी मुद्दाम हाडाजवळचं घातलं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

फाईल नाहीच. माग नाही, काही नाही. लिहिलेली ओळ मात्र तशीच आहे, मी दोनदा वाचली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कळलं! खिडकी बंद केली म्हणजे प्रोग्राम बंद होत नाही. तो खाली घड्याळाशेजारी दबा धरून बसतो. ती ओळ फक्त उठताना वाचतो, एकदा जागा झाला की वाचत नाही. म्हणजे त्याला पुरता मारून परत उठवायचा. "आधी का नाही सांगितलंस?" म्हटलं तर जिपारा म्हणाली, "मला वाटलं हे सगळ्यांना ठाऊक असतं." सगळ्यांना! मला विचार, बर्फात अडकलेली शेळी ओढायची कशी. मी कधी म्हणते का हे सगळ्यांना ठाऊक असतं?

मारला. उठवला. फाईल झाली! बुरुलनं टाळी वाजवली आणि मग आपणच घाबरून दाराकडं बघितलं.

पण फाईलमध्ये काय? जोडलं. तुटलं. जोडलं. तुटलं. एवढंच. हा बारका माग, जिपारा म्हणाली. फक्त दार उघडलं आणि लागलं तेवढं सांगतो. आत कोण आलं, कुठं बसलं, ते नाही. तीन पायऱ्या असतात म्हणे, आणि शेवटच्या पायरीवर सगळं लिहितो, आतला मजकूरसुद्धा. तिथवर न्यावं लागेल.

"पहिल्यांदाच तिथं का नाही नेलं?"

"आजी, त्या पायरीवर लोकांची नावं, आजार, सगळं उघडं लिहिलं जातं. ते असं पसरून ठेवायचं नसतं."

सापारच्या बायकोचं लोखंड सगळ्या गावाला ठाऊक आहे, म्हटलं. पण ती ऐकेना. वरिष्ठाला विचारते म्हणाली. विचार बाई. म्हाताऱ्याला सांगते, वाळायचं थांब, वरिष्ठाला विचारतायत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

म्हाताऱ्यानं आज जेवताना खोगिराचा विषय काढला. चांदीचं बक्कल असलेलं. धाकट्याला द्यायचं की पुतण्याला.

म्हटलं, "घोड्याला द्या. त्याच्या पाठीचं आहे."

हसला नाही. म्हणाला, "अनिपा, यंत्राला ठाऊक आहे. म्हणूनच सांगत नाही."

"यंत्राला शेपूट कुठं आहे ते ठाऊक नाही, तुमचं काय ठाऊक असणार!" मी ताट उचलून बाहेर गेले. बाहेर काही काम नव्हतं.

माझ्या मांडीवर हातभर काळानिळा डाग. गाईनं लाथ मारली असणार. कधी, आठवत नाही. वय झालं गाईचंही, नेम धरून मारत नाही आता.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वरिष्ठानं हो म्हटलं. शेवटची पायरी! मारला, उठवला, ओळ वाचली त्यानं.

आणि यंत्र असं चालायला लागलं, जसा म्हातारा सकाळी उठून बूट घालतो. एक नाव काढायला एक कप चहा. बाहेर बाकावर रांग, सगळे बोंबलतायत. गुडघ्याचा तोक्तोगुल आत डोकावून म्हणाला, "आपा, शेगडी पेटवता पेटवता यंत्रही जाळलंत काय?" म्हटलं, "तुझा गुडघा तीस वर्षं दुखतोय, अजून अर्धा तास दुखू दे."

फाईल दुपारपर्यंत इतकी फुगली की फोननं पाठवता येईना. बुरुलनं बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर घेतली. माझ्या रुमालात बांधून गाडीवाल्याकडं दिली, उलानकडं. "हे हरवलंस तर परत येऊ नको," म्हटलं. तो म्हणे, "काय आहे यात, सोनं?" म्हटलं, "म्हातारा आहे यात."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

डोलोन घाट बंद. बर्फ. उलान अलीकडंच ढाब्यावर बसलाय, माझा रुमाल खिशात. फोन केला तर खातानाचा आवाज.

शेजारी तुर्दूकडं आज पुरुषमंडळी गेली. पोरगा रशियात बांधकामावरून पडून मेला, सगळ्या गल्लीला कालच कळलंय, तिला सोडून. चारजण गेले, टोप्या घालून, ओळीनं बसले. आणि मरण सरळ सांगायचं नाही अशी रीत, म्हणून शिंगराची गोष्ट सुरू! एक होतं शिंगरू, फार देखणं, नदी ओलांडायला गेलं... तुर्दू हसत चहा ओतत होती. तिला वाटलं, पोरासाठी स्थळ घेऊन आलेत! ती विचारत होती, "मग? मग शिंगराचं काय झालं?" मी दाराशी होते. मला तिथं उभं राहवेना.

माझा भाऊ गेला तेव्हा माझ्यापुढं असाच ससाणा उडवला होता त्यांनी. हातावरून उडाला, डोंगरापलीकडं गेला, परत आला नाही. मला मधेच कळलं, आणि तरी पुरा ससाणा ऐकावा लागला. म्हणे हळूहळू सांगितलं की काळीज फाटत नाही. हळूहळू फाटतं, एवढंच.

म्हाताऱ्याला आणि बुरुलला, दोघांनाही सांगून ठेवलंय — माझ्यापुढं कुणी पशुपक्षी आणले तर किटली डोक्यात घालीन.

घरी येताना चढावर दोनदा टेकावं लागलं. कोळशाची बादली हल्ली जड बनवतात.

२४ फेब्रुवारी, सोमवार

घाट उघडला. पेनड्राइव्ह दुपारी पोचला, उलाननं हातात दिला म्हणतो. जिपाराचा फोन नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अजून नाही. मीच केला. उचलला नाही. परत केला. उचलला.

"फाईल अर्धीच आलीय, आजी. नीट वाचता येत नाहीये."

खोटं! लहानपणी साय चोरून खायची आणि मग असंच बोलायची, शब्द मोजून.

"किती वाचलंस त्या अर्ध्यातलं?"

"बघतेय. आजोबा जेवतात का?"

"नाही."

"आणि तू? जेवतेस ना? दमतेस का फार? झोप लागते?"

"माझं काय मधेच! म्हाताऱ्याचं सांग."

तिच्या मागं गाड्यांचे आवाज. रस्त्यावर उभी होती बहुतेक, कचेरीत रडता येत नसेल.

"शनिवारी येतेय मी, आजी. काकांनाही सांगितलंय. आणि हे बघ, माग बंद करून टाक उद्या. ओळ परत होती तशी कर. तू ती फाईल उघडून बघू नको, त्यात काही कळण्यासारखं नाही."

दोन महिन्यांनी तिला बर्फातून यावंसं वाटतं, तेही अर्ध्या फाईलसाठी!

२६ फेब्रुवारी, बुधवार

माग बंद केला नाही. शेगडी पेटवली आणि दवाखान्यातूनच फोन लावला.

"मी यंत्रापुढं बसलेय. फाईल उघडी आहे. मला रशियन अक्षरं येतात, तुला ठाऊक आहे. तू सांगतेस की मी वाचू?"

फाईल उघडी नव्हती. मला ती कुठं असते तेच आठवत नव्हतं. पण तिला काय ठाऊक!

"नको! वाचू नको. सांगते."

आणि सांगितलं. उत्तर केव्हाच आलंय. मोठ्या यंत्रानं दिलं, आमच्या यंत्रानं घेतलं, उघडलं, वाचलं — आणि मुठीत धरून ठेवलं. मागात ओळीमागून ओळ आहे म्हणे: आलं, वाचलं, गंभीर, रोखलं. दर सकाळी बुरुल विचारते, दर सकाळी तो मुठीकडं बघतो आणि म्हणतो, वाटेवर आहे.

"कुणी शिकवलं त्याला हे?"

"नियम आहे, आजी. वाईट उत्तर पडद्यावर दाखवायचं नाही. अर्ध्या डॉक्टरनं आधी आपला परवलीचा शब्द घालून एकट्यानं वाचायचं. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलवायचं, बसवायचं, हळूहळू सांगायचं. तोपर्यंत वाटेवर."

"आणि अर्धा डॉक्टर रशियात विटा रचतोय."

"ते आम्हाला कुणी कळवलंच नाही."

"कुणाच्या डोक्यातून निघाला हा नियम?"

कुठलंसं दार लावून घेतलं तिनं. मग म्हणाली,

"माझ्या."

"तुझ्या!"

"मी गावातच वाढले ना, आजी. यंत्रानं कुणाच्या तोंडावर मरण फेकावं का? बैठकीत सांगितलं, आपल्याकडं अशी रीत नाही. सगळ्यांना पटलं. टाळ्या वाजवल्या. दोन वर्षं झाली. विसरूनही गेले होते, मागात तो शब्द दिसला तेव्हा... आणि एकाचं वाईट असलं तरी अख्ख्या घराचं पाकीट थांबतं. तेही मीच घातलं. बाकीच्यांची आली आणि एकाचंच नाही, की तो समजून जातो ना!"

म्हटलं, "हुशार आहेस. मेंढीसुद्धा कोंडवाड्याचं दार आतून लावून घेत नाही."

तिकडं रडायला लागली. रडू दिलं. घर म्हणजे काय आमचं — म्हातारा आणि मी. म्हणजे झालं. गंभीर.

"किती गंभीर?" विचारलं.

"शनिवारी, आजी. शनिवारी."

"तू माझ्यापुढं पक्षी उडवणार असशील तर येऊच नको."

बुरुल बाहेरून आली, माझं तोंड बघून म्हणाली, "आपा, खुर्चीवर बसा." मी खुर्चीवरच होते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

म्हातारा सकाळी भावाकडं गेला, दुपारी आला. डोळे लाल. म्हणे वारा होता. पान हलत नव्हतं.

म्हणजे त्याला सांगितलं. आधी त्याला, मग मला. बरं झालं, निदान मला ससाणा उडवावा लागणार नाही.

संध्याकाळी गाईचं दूध त्यानं काढलं! लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं कासेला हात लावला नव्हता. अर्धं दूध बुटांवर. मी काही बोलले नाही. मरणार म्हटल्यावर माणूस मऊ होतो, होऊ द्यावं. कोळशाची बादलीही माझ्या हातून घेतली. म्हटलं, "तुम्ही बसा, ताप येईल." म्हणाला, "तू बस." आवाज भलताच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पिठात लोणी जास्त घातलं, त्याला आवडतं तसं तळलं. खाल्लं त्यानं, पण निम्मं माझ्याकडं सरकवलं. सरकवतोय, सरकवतोय. ओरडले — "खा की! मला कशाला!"

मग शेगडीपाशी जाऊन बसले. खोगीर धाकट्याला. पुतण्या घोड्याशी नीट वागत नाही. म्हाताऱ्याचा चांगला कोट साफ करून ठेवला, कशासाठी ते कळेल तेव्हा कळेल. मी रडणार नाही. ठरवलंय. त्याच्यापुढं तर नाहीच.

जिपारा सकाळी पोचेल.

१ मार्च, शनिवार

आले. जिपारा, दीर, मशिदीतले म्हातारे. ओळीनं बसले. दीर खाकरला, आणि — एक होता ससाणा.

मी आधीच म्हाताऱ्याच्या पाठीशी उशी सरकवली होती, कोसळलाच तर म्हणून. वळून बघते तर म्हातारा रडतोय, आणि त्याच्याकडं कुणी बघतच नाहीये. दीर माझ्याकडं बघून सांगत होता. सगळेच माझ्याकडं बघत होते.

किटली माझ्या हातात होती. खाली ठेवली. पुरा ससाणा ऐकला.

म्हाताऱ्याला जनावरांकडून आलेला ताप आहे. गोळ्यांनी जाईल.

सोमवारी बुरुलला सांगायचं — ओळ होती तशी कर, माग बंद. यंत्र फार हळू चालतंय, लोक खोळंबतात.